विश्लेषण : स्टेडियममध्ये गाजणाऱ्या गाण्यामागचा अराज्यवादी बँड… 'चंबावंबा'ने व्यवस्थेशी तडजोड केली की व्यवस्थेचेच पैसे तिच्याविरुद्ध वापरले?

'टबथंपिंग' हे १९९७ सालचे गाणे आजही क्रीडा सामन्यांत, लग्नाच्या पार्ट्यांत आणि राजकीय सभांत वाजते. ते गाणाऱ्यांना जग 'एका गाण्याचा बँड' म्हणून ओळखते. प्रत्यक्षात या बँडची कारकीर्द तीस वर्षांची होती आणि त्यातील पहिली पंधरा वर्षे तो मोठ्या कंपन्यांना शत्रू मानत होता.

चर्चा पुन्हा का?

मार्च २०२४ मध्ये न्यूझीलंडचे तत्कालीन उपपंतप्रधान विन्स्टन पीटर्स एका जाहीर भाषणासाठी मंचावर आले, तेव्हा सभागृहात 'टबथंपिंग' वाजत होते. हरूनही पुन्हा उभे राहणाऱ्याचे हे गाणे, निवडणुकीत पराभव पचवून सत्तेत परतलेल्या नेत्याला सोयीचे वाटले असावे. न्यूझीलंडमध्ये ते एके काळी पहिल्या क्रमांकावरही होते. त्याच भाषणात पीटर्स यांनी आधीच्या सरकारच्या माओरींविषयीच्या धोरणाची तुलना नाझी जर्मनीशी केली आणि मोठा वाद झाला.

गाणे तयार करणारा 'चंबावंबा' हा बँड तोवर बंद होऊन बारा वर्षे झाली होती. तरीही त्याच्या माजी सदस्यांनी जाहीर आक्षेप नोंदवला आणि गाण्याचा वापर थांबवण्याची मागणी केली. सामान्य कष्टकऱ्यांच्या चिवटपणासाठी लिहिलेले गाणे अल्पसंख्याकांविरोधातील राजकारणासाठी वापरू नये, अशी त्यांची भूमिका होती. पीटर्स यांनी ती फारशी मनावर घेतली नाही. त्याआधी २०११ मध्ये ब्रिटनमधील 'यूकिप' या उजव्या पक्षाने आपल्या अधिवेशनात हेच गाणे वाजवले होते, तेव्हाही बँडने निषेध केला होता.

आपल्या गाण्याला आपलाच विरोधक डोक्यावर घेतो, हा अनुभव अनेक कलाकारांना येतो. चंबावंबाच्या बाबतीत मात्र तो अधिक बोचरा आहे. कारण गाणे कुणाच्या हाती जाते, पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हाच या बँडचा आयुष्यभराचा विषय होता.

बँडची सुरुवात कशी झाली?

१९८२ मध्ये, उत्तर इंग्लंडमध्ये. मार्गारेट थॅचर यांचे हुजूर पक्षाचे सरकार सत्तेत होते, बेरोजगारांची संख्या तीस लाखांवर गेली होती आणि त्याच वर्षी फॉकलंड बेटांसाठी युद्ध झाले. बर्नली या कापड गिरण्यांच्या गावातील बॉफ व्हॅली, डॅनबर्ट नोबेकन आदी तरुण मित्र लीड्स शहरात आले. तिथल्या आर्मली भागात एका ओस पडलेल्या मोठ्या घराचा ताबा घेऊन त्यांनी एकत्र संसार थाटला. पुढे ॲलिस नटर, लू वॉट्स, डनस्टन ब्रूस, हॅरी हेमर हेही सामील झाले.

घराचे नियम साधे होते. स्वयंपाक एकत्र, पैशांची पिशवी एक, निर्णय सर्वांच्या संमतीने. बँडमध्ये कुणी 'मुख्य गायक' नव्हता. वाद्येही अदलाबदल करून वाजवली जात आणि गाण्याचे श्रेय सर्वांना समान मिळे. पंधरा वर्षांनंतर लाखो प्रती खपलेल्या 'टबथंपिंग'च्या लेखनाचे श्रेयही आठही सदस्यांच्या नावावर आहे, ते याच पद्धतीमुळे.

त्यांचे पहिले खोडसाळ काम मात्र वेगळ्याच नावाने झाले. 'साउंड्स' या संगीत साप्ताहिकातील एक पत्रकार तेव्हा 'ऑई' नावाच्या राकट पंक शैलीचा पुरस्कर्ता होता. त्याची फजिती करण्यासाठी या मंडळींनी 'स्किन डिसीज' नावाचा खोटा बँड उभा केला, आपण या शैलीचे कट्टर अनुयायी असल्याचे भासवले आणि 'मी मठ्ठ आहे' या अर्थाचे एकच वाक्य ६४ वेळा ओरडून ध्वनिमुद्रित केले. ते गाणे खरोखर संकलनात छापून आले!

अराज्यवादी पंक म्हणजे नेमके काय?

मराठीत 'अराजक' म्हटले की गोंधळ, जाळपोळ, बेबंदशाही डोळ्यांपुढे येते. राजकीय विचार म्हणून 'अनार्किझम'चा अर्थ वेगळा आहे. माणसांवर वरून सत्ता चालवणारी राज्यसंस्था, मालक आणि धर्मपीठ यांची गरज नाही, लोक परस्पर सहकार्याने समाज चालवू शकतात, असे हा विचार मानतो. म्हणून त्याला 'अराज्यवाद' म्हणणे अधिक नेमके ठरते.

१९७६-७७ मध्ये ब्रिटनमध्ये पंक संगीताची लाट आली, तेव्हा 'अनार्की' हा शब्द अनेकांसाठी निव्वळ धक्का देण्याचे साधन होता. लवकरच मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी या बँडना करारबद्ध केले आणि बंड दुकानात विकायला आले. त्याला उत्तर म्हणून एसेक्समधील 'क्रास' या बँडने १९७७ पासून वेगळी वाट धरली. त्यांनी स्वतःची कंपनी काढली, रेकॉर्डवर 'यापेक्षा जास्त पैसे देऊ नका' असे छापून किंमत कमी ठेवली, युद्धविरोध, स्त्रीमुक्ती आणि प्राण्यांचे हक्क हे विषय गाण्यात आणले. चंबावंबाची मंडळी सुरुवातीला क्रासच्याच प्रभावाखाली होती. त्यांनीही 'ॲजिट-प्रॉप' नावाची स्वतःची कंपनी काढली.

खाण कामगारांच्या संपाने काय बदलले?

मार्च १९८४ मध्ये कोळसा खाणी बंद करण्याच्या सरकारी निर्णयाविरुद्ध ब्रिटनमधील खाण कामगार संपावर गेले. लीड्स हे यॉर्कशायरच्या कोळसापट्ट्याला लागून असलेले शहर. बँडमधील तरुण संपकऱ्यांच्या धरण्यात उभे राहिले, निधीसाठी कार्यक्रम करू लागले. वर्षभराने संप मोडला गेला. पण या वर्षाने बँडला एक धडा दिला. खाण कामगारांच्या क्लबमध्ये जमलेल्या कुटुंबांना कर्कश गिटार आणि न कळणाऱ्या किंकाळ्या नको होत्या. त्यांना सोबत गाता येईल असे काहीतरी हवे होते.

पुढील वाटचालीत हा फरक ऐकू येतो. १९८६ मधील पहिल्या अल्बमचे नाव होते 'पिक्चर्स ऑफ स्टार्व्हिंग चिल्ड्रन सेल रेकॉर्ड्स', म्हणजे उपाशी मुलांच्या छायाचित्रांवर रेकॉर्ड विकल्या जातात. आदल्या वर्षी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या 'लाइव्ह एड' या जगप्रसिद्ध कार्यक्रमावर ही थेट टीका होती. उपासमारीमागील कर्ज, व्यापार आणि बहुराष्ट्रीय कंपन्या यांबद्दल न बोलता तारे-तारकांनी स्वतःची प्रतिमा उजळून घेतली, असा त्यांचा आरोप होता. १९८७ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वर्षी त्यांनी मतपेटीच्या राजकारणावर अख्खा अल्बम काढला. १९८८ मध्ये समलैंगिकतेच्या 'प्रसारा'वर बंदी घालणाऱ्या कलम २८ विरोधात गाणे काढले.

त्याच वर्षी आलेल्या 'इंग्लिश रेबेल साँग्ज १३८१-१९१४' या अल्बमने मात्र पंक चाहत्यांना बुचकळ्यात टाकले. त्यात वाद्येच नव्हती. १३८१ च्या शेतकरी उठावापासून पहिल्या महायुद्धापर्यंतची बंडखोरीची लोकगीते नुसत्या गळ्यांवर गायलेली होती. बंडाची परंपरा पंकपेक्षा सहाशे वर्षे जुनी आहे, हे त्यातून सांगायचे होते.

मग ईएमआयशी करार का केला?

नव्वदच्या दशकात बँड नृत्यसंगीत, रॅप, नमुने कापून जोडण्याचे तंत्र यांकडे वळला. १९९२ मध्ये त्यांचा एक तयार अल्बम इतरांच्या गाण्यांचे तुकडे वापरल्याने स्वामित्व हक्काच्या कचाट्यात सापडला आणि बाजारात येऊ शकला नाही. तो बदलून काढलेल्या अल्बमचे नाव त्यांनी 'श्श' ठेवले. १९९३ मध्ये 'क्रेडिट टू द नेशन' या रॅप गटासोबत केलेल्या फॅसिझमविरोधी गाण्याने त्यांना नवा श्रोता मिळाला. १९९४ च्या 'अनार्की' अल्बमवर बाळ जन्माला येतानाचे छायाचित्र होते. अनेक दुकानांनी ते दर्शनी भागात ठेवायला नकार दिला.

१९९७ मध्ये बँड आधीच्या स्वतंत्र कंपनीपासून वेगळा झाला आणि ईएमआयच्या जर्मन शाखेने करार देऊ केला. अडचण अशी की, १९८९ मध्ये याच कंपनीच्या शस्त्रास्त्र उद्योगाशी असलेल्या संबंधांवरून तिला शिव्या देणाऱ्या एका संकलनात चंबावंबाचे गाणे होते. चळवळीतील जुन्या सोबत्यांच्या दृष्टीने ही सरळ गद्दारी होती. काही पंक बँडनी एकत्र येऊन चंबावंबाविरोधातच रेकॉर्ड काढली आणि तिचे नाव चंबावंबाच्या पहिल्या अल्बमच्या नावाचे विडंबन करणारे ठेवले. दांभिकपणावर रेकॉर्ड विकल्या जातात, असा त्याचा रोख होता.

बँडचा युक्तिवाद असा होता की, भांडवलशाहीत छोटी कंपनीही नफ्यासाठीच चालते. पंधरा वर्षे आपण आधीच पटलेल्या काही हजार लोकांपुढे गात आलो. न पटलेल्या लोकांपर्यंत जायचे तर मोठा भोंगा लागतो. हा युक्तिवाद खरा की सोयीचा, हे त्या भोंग्यातून ते काय बोलतात यावरच ठरणार होते.

'टबथंपिंग'मध्ये राजकारण कुठे आहे?

'टब-थंपर' म्हणजे पिंप बडवत आवेशाने भाषण ठोकणारा वक्ता. गाण्यात मात्र भाषण नाही. रात्री दारू पिऊन, गाणी म्हणत, धडपडत घरी परतणाऱ्या एका शेजाऱ्यावरून ते सुचल्याचे सदस्यांनी सांगितले आहे. अल्बममधील गाण्याची सुरुवात 'ब्रास्ड ऑफ' या १९९६ च्या चित्रपटातील संवादाने होते. खाण बंद पडणाऱ्या गावातील कामगारांच्या बँडवरचा हा चित्रपट. तो संवाद संगीतापेक्षा माणसे महत्त्वाची असल्याचे सांगतो. खाण कामगारांच्या हरलेल्या संपाची आठवण अशी गाण्याच्या दारातच ठेवलेली आहे. रेडिओवर वाजणाऱ्या आवृत्तीत ती नसते.

ऑगस्ट १९९७ मध्ये आलेले हे गाणे ब्रिटनमध्ये दुसऱ्या, तर अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेले. ऑस्ट्रेलियात ते पहिले आले. 'टबथंपर' अल्बमच्या एकट्या अमेरिकेत तीस लाखांहून अधिक प्रती गेल्या.

भोंगा हाती आला, आणि बँडने तो वापरला. डेव्हिड लेटरमन यांच्या कार्यक्रमात गाण्याच्या मध्येच त्यांनी मुमिया अबू-जमाल यांच्या सुटकेची घोषणा दिली. पोलीस अधिकाऱ्याच्या हत्येप्रकरणी त्यांना तेव्हा मृत्युदंड झालेला होता आणि त्या खटल्यावर जगभर वाद सुरू होता. दुसऱ्या एका कार्यक्रमात ॲलिस नटर म्हणाल्या की, ज्यांना परवडत नाही त्यांनी आमची सीडी मोठ्या दुकानांतून चोरली तरी हरकत नाही. त्यावर एका मोठ्या दुकानसाखळीने सीडी मांडणीवरून उचलून गल्ल्यामागे ठेवली.

उपपंतप्रधानांवर पाणी का ओतले?

९ फेब्रुवारी १९९८. लंडनच्या गोदी भागातील 'लंडन अरीना'मध्ये ब्रिट पुरस्कारांचा सोहळा सुरू होता. बँडने 'टबथंपिंग' सादर करताना नव्या मजूर पक्षाने गोदी कामगारांना विकल्याची ओळ घातली. थोड्या वेळाने डॅनबर्ट नोबेकन एका टेबलावर चढले आणि तिथे बसलेले उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांच्या अंगावर त्यांनी बर्फाचे पाणी ओतले.

यामागे लिव्हरपूलचा प्रश्न होता. सप्टेंबर १९९५ मध्ये तिथल्या सुमारे ५०० गोदी कामगारांनी बडतर्फ सहकाऱ्यांची धरण्याची रांग ओलांडून कामावर जाण्यास नकार दिला आणि त्यांनाही काढून टाकण्यात आले. ही लढाई २८ महिने चालली. लिव्हरपूलचा फुटबॉलपटू रॉबी फाउलर याने मार्च १९९७ मध्ये गोल केल्यावर कामगारांना पाठिंबा देणारा टी-शर्ट दाखवला आणि दंड भरला. गोदी चालवणाऱ्या कंपनीत सरकारचाही हिस्सा होता. त्यामुळे मे १९९७ मध्ये मजूर पक्ष सत्तेत आल्यावर कामगारांना मोठी आशा होती. सरकारने हस्तक्षेप केला नाही आणि जानेवारी १९९८ मध्ये, म्हणजे पाणी ओतण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, कामगारांनी लढा थांबवला. प्रेस्कॉट हे स्वतः जहाजावरचे माजी कर्मचारी आणि नाविकांच्या संघटनेचे जुने कार्यकर्ते होते. बँडच्या लेखी राग नेमका याचाच होता. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत मात्र भिजलेले मंत्री जास्त आणि कामगार कमी होते.

जाहिरातींच्या पैशाचे काय केले?

नायकेने १९९८ च्या विश्वचषकाच्या जाहिरातीसाठी पंधरा लाख डॉलर देऊ केले होते. बँडने नकार दिला. पण प्रत्येक वेळी उत्तर 'नाही' नव्हते. २००२ मध्ये जनरल मोटर्सला पाँटियाक मोटारीच्या जाहिरातीसाठी त्यांचे 'पास इट अलाँग' हे गाणे हवे होते. बँडने होकार दिला, सुमारे एक लाख डॉलर घेतले आणि ते 'इंडीमीडिया' व 'कॉर्पवॉच' या कार्यकर्त्यांच्या संस्थांना देऊन टाकले. कॉर्पवॉचने त्या पैशातून जनरल मोटर्सच्याच सामाजिक आणि पर्यावरणीय परिणामांची माहिती गोळा करण्याचे ठरवले.

टीकाकार म्हणतात, मोटार तरीही विकली गेली आणि गाण्याचा अर्थ त्या मोटारीला चिकटला. समर्थकांच्या मते, छोट्या संस्थेला मिळालेली एवढी रक्कम नकाराच्या समाधानापेक्षा मोलाची होती. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

इथे एक तांत्रिक मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. जाहिरातीत किंवा चित्रपटात गाणे दृश्याला जोडायचे असेल, तर हक्कधारकाची स्वतंत्र परवानगी लागते. म्हणून नायकेला 'नाही' म्हणता आले. सभागृहात किंवा मैदानात गाणे नुसते वाजवायचे असेल, तर त्या जागेकडे बहुधा सामूहिक परवाना असतो आणि प्रत्येक गाण्यासाठी कवी-संगीतकाराला विचारले जात नाही. त्यामुळे एखादा नेता गाणे वाजवत मंचावर आला, तर कलाकाराच्या हाती अनेकदा जाहीर निषेधच उरतो. पैशावर बँडला जेवढे नियंत्रण ठेवता आले, तेवढे गाण्याच्या अर्थावर ठेवता आले नाही.

शेवट कसा झाला?

२००० सालच्या 'विझीविग' अल्बमनंतर ईएमआयशी नाते संपले आणि बँडने पुन्हा स्वतःची कंपनी काढली. २००५ पासून ते गिटार, ॲकॉर्डियन आणि गळा एवढ्यावर लोकसंगीत गाऊ लागले. २००८ च्या अल्बमचे नाव तब्बल १५६ शब्दांचे होते. थॅचर यांच्या निधनानंतरच पाठवायच्या एका रेकॉर्डसाठी त्यांनी २००५ पासून आगाऊ पैसे घेतले होते. एप्रिल २०१३ मध्ये थॅचर गेल्या आणि ती खरेदीदारांना पोहोचली. मृत्यूवर असा विनोद अनेकांना रुचला नाही.

तोवर बँडच उरला नव्हता. जुलै २०१२ मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि ३१ ऑक्टोबरला लीड्सच्या सिटी व्हरायटीज या जुन्या नाट्यगृहात शेवटचा कार्यक्रम केला. ॲलिस नटर नाटककार आणि दूरचित्रवाणी लेखिका झाल्या. बॉफ व्हॅली यांनी लीड्समध्ये 'कॉमनर्स क्वायर' हा समूहगायनाचा गट उभारला. डनस्टन ब्रूस यांनी २०२१ मध्ये 'आय गेट नॉक्ड डाउन' हा माहितीपट केला. त्यात अल्बमवरील हसऱ्या बाळाचा मुखवटा घातलेली व्यक्ती त्यांचा पाठलाग करते आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारते : एवढे सगळे करून बदलले काय?

त्याचे मोजता येईल असे उत्तर देणे कठीण आहे. खाणी बंद झाल्या, लिव्हरपूलच्या कामगारांना नोकऱ्या परत मिळाल्या नाहीत. कलम २८ मात्र २००३ मध्ये इंग्लंडमध्ये रद्द झाले. ते एका बँडमुळे नव्हे, तर रस्त्यावर उतरलेल्या असंख्य लोकांमुळे. त्या लोकांच्या मोर्चांत, खाण कामगारांच्या क्लबमध्ये, गोदीच्या फाटकाबाहेर चंबावंबाची मंडळी गात होती, एवढा पुरावा शिल्लक आहे. गाणे स्टेडियमकडे गेले. गाणारे पुन्हा लीड्समध्ये, समूहात उभे राहून गाऊ लागले.